आवडी कासारणीचा तिसरा भाग

शालूला वाचायला काहीही चालायचं. भज्यांचा कागद, औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी, रिक्षांच्या पाठीवरचे शेर, सगळं. न्हाणीच्या दाराला आडोसा म्हणून नवऱ्याच्या कंपनीचं रिकामं पोतं लावलं होतं, त्यावरची इंग्रजी अक्षरंसुद्धा तिने अंघोळ करता करता शंभरदा लावली होती. नवरा कृष्णकांत म्हणायचा, "हिला कोऱ्या कागदात जिलबी बांधून दिली ना, तर ही दुकानदाराशी भांडायला जाईल."

ती चिंचणीकडची, वाडीवाल्यांची पोर. बापाची चिकूची वाडी होती, पण शालूचं लक्ष चिकूपेक्षा चिकूच्या खोक्यात घातलेल्या जुन्या वर्तमानपत्रांवर. लग्न होऊन सालवडला दोन खोल्यांत आली, दारातच शिलाईचं मशीन मांडलं, आणि चाळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवता शिवता एक मुलगी झाली, समिधा. आता ती पहिलीत. कृष्णकांत एमआयडीसीत एका कंपनीत पावडर मिसळायच्या मशीनवर. प्लास्टिकचे पाइप कडक व्हायला कसलीशी पांढरी पावडर लागते, ती. बारा वर्षं झाली. माणूस तसा सरळ, बोलायला कमी, आणि मुलीवर जीव ओवाळून टाकणारा.

बोईसरच्या वाचनालयात शांतारामकाका बसायचे. वर्गणीदार बोटांवर मोजण्याइतके उरले होते, त्यात शालू एक. तिने कपाटातलं सगळं वाचून संपवलं होतं आणि आता काकांना रोज एकच प्रश्न विचारायची, "नवीन काय हाय?" माघात एकदा काकांनी टेबलाखालून एक गठ्ठा काढला. पाच पुस्तकं, एकसारख्या आकाराची.

"कुणीतरी देणगी दिलीत," काका म्हणाले. "लेखिकेचं नाव मी तर ऐकलेलं नाय. रहस्यकथा हायत, पण जुन्या काळातल्या. कुणी नेत नाय. बघ तुला रुचतात का."

रुचतात का म्हणजे काय! पहिला भाग शालूने दोन दिवसांत फस्त केला. 'सतरा काकणं' त्याचं नाव. वसईहून फिरंगी जाऊन मराठे नुकतेच आलेले, कुणाचा कुणावर भरवसा नाही, अशा दिवसांतली गोष्ट. आणि तिच्यात चोर पकडणारा कुणी शिपाई नाही की सरदार नाही. आवडी नावाची एक कासारीण. बांगड्यांचा हारा डोक्यावर घेऊन तारापूरच्या किल्ल्यापासून कोळवाड्यापर्यंत फिरणारी. कासारणीला कुठलं दार बंद नसतं. ती उंबऱ्यात बसते, बाईचा हात आपल्या हातात घेते, म्हणते, "हात सैल सोड, बाय," आणि बांगडी बोटांच्या पेरांवरून सरकत असताना ती बाई घरातलं सगळं सांगून मोकळी होते. खाडीत एक बाई बुडून मेलेली सापडते. हातात सतरा काकणं. आवडी म्हणते, मी एकोणीस भरली होती. मग उरलेली दोन कुठे फुटली? झालं, त्या दोन फुटक्या काकणांवरून तिने अख्खं घर उलगडलं.

शालू त्या पुस्तकाने पार वेडी झाली. खाडी तिची, किल्ला तिचा, भरतीच्या वेळेला येणारा तो चिखलाचा वाससुद्धा तिच्या ओळखीचा. आपल्या गावात असं काही घडलं असेल हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. दुसरा भाग वाचताना तिने घरतांच्या सुनेच्या ब्लाउजला एक बाही उलटी जोडली, आणि दूध उतू गेलं ते वेगळंच. कृष्णकांत कामावरून आला की ती त्याला गोष्ट सांगायची. तो पोट धरून भिंतीला टेकून ऐकायचा.

पोट धरून म्हणजे हसून नव्हे. त्याचं पोट दुखायचं. दिवाळीपासून सुरू झालेलं ते. कळ यायची, दोन-दोन, तीन-तीन दिवस साफ व्हायचं नाही. "तोंडात लोखंडाचा खिळा धरल्यासारखं वाटतं," म्हणायचा, आणि ताट अर्धं ठेवून उठायचा. पित्ताच्या गोळ्या झाल्या, ओवा झाला, चाळीतल्या मैनाबाईने बेंबी बसवून दिली. चिडचिडाही झाला होता. शालू म्हणायची, वय झालं तुमचं, आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालायची. ते आठवलं की पुढे तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं.

तिसरा भाग तिने टँकरच्या रांगेत उघडला. सकाळचे नऊ वाजले होते, तिच्यापुढे अकरा ड्रम होते. 'शेंदऱ्याची आळी'. देवाचा शेंदूर बनवणारं एक मोठं घर. शिसं भाजायचं, घोटायचं, त्याचा शेंदूर करायचा. त्या घरात एकामागून एक माणसं मरू लागतात. लोक म्हणतात, देवाचा कोप. आवडी थोरल्या सुनेला बांगड्या भरायला बसते. तिचा हात हातात घेते, सवयीने म्हणते, "हात वर धर, बाय." सुनेचा हात वर होतो, पण पंजा लोंबत राहतो. मनगट उचलतच नाही. आवडीने आयुष्यात हजारो मनगटं धरलेली, असं मनगट तिने एकदाच पाहिलेलं असतं, त्याच घरातल्या मेलेल्या दिराचं. ती म्हणते, "आ कर बघू." दातांच्या मुळाशी, हिरडीच्या काठाने, एक निळी-काळी रेघ असते. "पोट दुखतं?" आवडी विचारते. सून म्हणते, "तोंडात लोखंडाची चव येते."

शालूच्या हातातलं पुस्तक मिटलं. तिने मिटलं नाही, ते आपोआप मिटलं.

टँकर आला, बायका ओरडू लागल्या, कुणीतरी तिचा ड्रम ढकलून आपला पुढे केला, आणि शालू नुसती उभी. मग ड्रम तिथेच टाकून ती घरी पळाली. न्हाणीच्या दारावरचं पोतं तिने पहिल्यांदाच भीत भीत वाचलं. त्यातला एक शब्द होता 'लेड'. फळीवरच्या जुन्या शब्दकोशात तिने तो शोधला. लेड म्हणजे शिसे.

'एवढ्याने काय होतं,' तिने स्वतःला समजावलं. 'पुस्तक हाय ते. कुणाच्या तरी डोक्यातलं.' पण ते तिला पटेना. पोतं तिने काठीने ढकलून दारापासून लांब केलं, हात तीनदा धुतले, आणि कृष्णकांतची पाळी सुटायची वाट बघत बसली. त्या दिवशी मशीनची एक फेरीही चालली नाही.

तो साडेतीनला आला. शर्ट काढून खिळ्याला लावला, खाटेवर बसला. शालू टेप घेऊन त्याच्यापुढे गेली.

"हात पुढे करा. बाही मोजायचीय."

"कसली बाही? शर्ट शिवतेस काय?"

"करा म्हणते ना."

त्याने दोन्ही हात पुढे केले, तळवे खाली. डावा पंजा सरळ राहिला. उजवा हळूहळू खाली झुकला, पिकलेलं पपईचं पान देठाशी वाकतं तसा.

"वर उचला."

"उचललाय की."

उचललेला नव्हता. आणि उचललेला नाही हे त्याला कळतही नव्हतं. ती म्हणाली, "आ करा." तो वैतागला, पण केला. खालच्या दातांच्या मुळाशी रेघ होती. ती रेघ तिने वर्षभर बघितली होती. तंबाखूचा डाग म्हणून त्याच्यावर ओरडलीही होती. आता तिने पदराचं टोक ओलं करून घासून बघितलं. तंबाखूचा पिवळा डाग गेला, रेघ तशीच राहिली.

"झालंय काय तुला?" कृष्णकांत म्हणाला. "भूत बघितल्यासारखं काय बघतेस?"

ती सांगणार होती. शब्द जुळवत होती. तेवढ्यात समिधा शाळेतून आली, दप्तर फेकलं, आणि रोजच्यासारखी थेट खिळ्याला लावलेल्या शर्टाकडे गेली. खिशात हात घातला. कागदाची पुडी काढली. पुडीत गुळाचा खडा होता.

हे रोजचंच. कंपनीत अकरा वाजता चहाबरोबर प्रत्येकाला गुळाचा खडा देतात. गुळाने छातीतली धूळ उतरते असं सगळे म्हणतात. पोत्यांच्या कडेला बसूनच खायचा, त्याच हातांनी. कृष्णकांत तो खात नसे. कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवी आणि लेकीला आणी. समिधाला दात फुटले तेव्हापासून, एक दिवस चुकलेला नाही. सुट्टीच्या दिवसासाठी आदल्या दिवशीचा अर्धा खडा राखून ठेवी. चाळीतल्या बायका म्हणत, बाप असावा तर असा.

पुडीच्या घडीत पांढरी भुकटी होती. खड्याच्या खाचेतही होती.

"टाक ते!" शालू किंचाळली. एवढी, की शेजारची मैनाबाई दारात आली. समिधाचा गूळ गालात गेला होता. शालूने तिचा जबडा धरला, बोट घालून खडा बाहेर काढला, पोर रडायला लागली, कृष्णकांत ओरडायला लागला, "येडी झालीस काय? पोरीचा घास काढतेस?" आणि शालू त्याला सांगू लागली. टँकरची रांग, शेंदऱ्याची सून, पोतं, सगळं उलटसुलट. तो ऐकत राहिला. मध्येच एकदा म्हणाला, "बारा वर्षं हात घालतो त्यात. कुणी सांगितलं नाय." मग त्याने खिळ्यावरच्या शर्टाकडे बघितलं.

डॉक्टर प्रतीक्षा यांचा दवाखाना जवळच होता. त्यांनी रेघ बघितली, मनगट बघितलं, आणि चष्मा काढला.

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"कासारणीने," शालू म्हणाली. मग शरमून म्हणाली, "पुस्तकातल्या."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी बापलेकीचं रक्त घेतलं, म्हणाल्या मुंबईला पाठवावं लागेल, चार-पाच दिवस लागतील. शालूने समिधाचं तोंड त्यांना उघडून दाखवलं. "हिला रेघ नाय. म्हणजे ही बरी हाय ना?"

"लहान मुलांत रेघ दिसेलच असं नाही. मुलांचं रक्तातच कळतं. अभ्यासात मागे पडते का? पोट दुखतं म्हणते?"

पोट दुखतं असं समिधा रोज सकाळी म्हणायची. शाळा चुकवायचं निमित्त म्हणून शालूने तिला दोनदा धपाटाही दिला होता. आणि बाईंनी वहीत लिहून पाठवलं होतं, 'शिकवलेलं लक्षात ठेवत नाही.'

ते पाच दिवस शालूने कसे काढले तिचं तिला माहीत. कृष्णकांतला कामावर जाऊ दिलं नाही. घरातलं प्रत्येक कापड धुतलं, फरशी चार वेळा पुसली, फडकी जाळावीत का पुरावीत ते कळेना म्हणून पिशवीत बांधून ठेवली. समिधा झोपली की तिचा श्वास ऐकायची, जागी असली की तिला पाढे विचारायची. पोर तीनच्या पाढ्यात अडखळली की ही तो पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायची. अडखळायची तर ती आधीही, पण आता प्रत्येक चूक शिशाची वाटे. बाप लेकीला जवळ घेत नव्हता. ती मांडीवर चढायला आली की हात पाठीमागे धरून उठून जायचा. आपले हातच विषारी झालेत असं त्याला वाटत होतं.

चौथ्या दिवशी शालूने जन्मात केलं नव्हतं ते केलं. पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. शेंदऱ्याच्या घरात विष कालवणारा धाकटा भाऊ निघाला होता. वाड्याच्या लोभाने लोणच्यात शेंदूर मिसळत होता. आवडीने त्याला भर चावडीवर धरला. शालूला रडूच फुटलं. पुस्तकात निदान धरायला एक माणूस तरी होता. इथे कुणाला धरायचं? कंपनीत ज्याने हात धुवा म्हणून कधी सांगितलं नाही त्याला धरावं, ते खरं. पण पुडी बांधणारा हात कुणाचा होता? तिच्याच घरचा. आणि तो हात किती मायेने पुडी बांधायचा, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

सहाव्या दिवशी, कंपनीच्या सुट्टीच्या सकाळी, डॉक्टरांचा फोन आला. दोघं गेले. रक्तातलं शिसं पाचाच्या आत असावं लागतं. कृष्णकांतचं एकसष्ट होतं. त्याला त्याच आठवड्यात मुंबईला दाखल व्हायचं होतं, आणि त्या खात्यात पुन्हा पाऊल टाकायचं नव्हतं. समिधाचं बावीस.

"बावीस म्हणजे?" शालूने विचारलं.

"जास्त आहे. पण औषधाने शिसं बाहेर काढायची वेळ आलेली नाही. गूळ थांबला, ते सगळ्यात मोठं झालं. दूध, लोहाचं औषध, आणि महिन्याने परत रक्त. उतरेल. वर्षभर तसंच चाललं असतं तर मी असं बोलू शकले नसते."

शालू बाकावर बसली. भीती गेली नाही, पण तिला आता एक आकडा मिळाला होता. बावीसवरून तो खाली आणायचा. तिने कृष्णकांतकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता.

"चिंतू," तो म्हणाला.

चिंतू त्याच मशीनवर त्याच्यासोबत. मनोरच्या पुढच्या पाड्यावरचा, आठवडाभर बेटेगावात चौघांत एक खोली करून राहायचा आणि सुट्टीला घरी जायचा.

"त्याचं काय?"

"तो आपला गूळ तिथंच खायचा. मीच त्याला बोललो, अरे, पोरं हायत ना तुला, राखून ठेव, घरी ने. दोन वर्षं झाली." कृष्णकांत बाकावरून उठला. "आठवड्याचे सहा खडे बांधून नेतो, शालू. काल गेला असंल."

फोन लागेना. पाड्यावर रेंज नसते. गाडी काढली, तर कृष्णकांतला उजव्या हाताने ब्रेक आवळता येईना. समिधाला मैनाबाईकडे सोडून दोघं एसटीने मनोरला, तिथून जीपने, आणि शेवटचं चालत गेले. ऊन चढलं होतं. वाटेत शालू एकच हिशेब करत होती. सहा खडे, तीन पोरं. कालच संपले असतील का?

चिंतूच्या दारात चूल पेटली होती. त्याची बायको ठमी पातेल्यात चहा ढवळत होती, कोरा, गुळाचा. शेजारी रुमाल उघडा पडला होता आणि त्यात दोन खडे उरले होते. तिन्ही पोरं वाट्या घेऊन बसली होती.

शालूने काही विचारलं नाही. पदराने पातेलं धरलं आणि अंगणात उपडं केलं.

"काय झाला, बाय?" ठमी उभी राहिली. तिच्या डोळ्यांत राग येण्याआधी भीती आली. शहरातली बाई धावत येते आणि आपली चूल मोडते, याचा काहीतरी वाईट अर्थ असणार, हे तिला सांगायला लागलं नाही. आतून चिंतू आला. "दादा? वहिनी? काय झाला?"

कृष्णकांत रुमालासमोर उकिडवा बसला आणि दोन्ही खडे उचलले. "मी तुला ने म्हटलं, चिंतू," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. शेवटी शालूनेच सांगितलं. आवडी कासारीण वगळली, बाकी सगळं सांगितलं. पावडर, हात, गूळ, रेघ. "उद्या सगळ्यांनी बोईसरला यायचं. रक्त द्यायचं. आमी पण हाव बरोबर."

पोरांना यातलं काही कळलं नव्हतं. त्यांनी एवढंच पाहिलं की साडीतली बाई बाहेरून आली, घाईत आहे, आणि तोंडाबद्दल काहीतरी बोलते आहे. अशा बाया पाड्यावर पोलिओचा डोस द्यायला येतात. थोरल्याने वाटी खाली ठेवली. तिघंही न सांगता ओळीने शालूसमोर उभी राहिली, माना वर केल्या आणि आ केला.

शालू पहिल्यासमोर वाकली. गुलाबी, स्वच्छ हिरड्या. दुसरीच्या तशाच. धाकट्याला तर चारच दात. मुलांत रेघ दिसेलच असं नाही, डॉक्टरांचं वाक्य तिच्या कानात होतं, आणि त्या स्वच्छ तोंडांकडे बघून तिला एका तोंडाचाही दिलासा मिळेना. तिने तिघांच्या डोक्यांवरून हात फिरवला आणि ताठ झाली.

ओळ संपली नव्हती. धाकट्याच्या मागे चिंतू येऊन उभा होता. त्याने शालूकडे बघितलं नाही, ठमीकडे बघितलं, आणि पोरांसारखीच मान वर करून तोंड उघडलं.

रेघ होती.